बदामाले अशी फुलं येत नाहीत

२१ एप्रिल

ही डायरी एका खत कंपनीने दुकानात दिलेली. दरवर्षी येते आणि दरवर्षी कोरीच रद्दीत जाते. यंदा लिहून पाहतो. घर माणसांनी भरलेलं आहे, पण बोलण्याची ताकद राहिलेली नाही.

शकुन परवा सकाळी गेली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात. मी खाली औषध आणायला गेलो होतो. वर आलो तर नर्स चादर सारखी करत होती.

आदल्या दिवशी ती बोलली होती. म्हणाली, "अजी, बियाचं पाहजा. वर ठेवले हायेत. मिरगात लावजा. विसरू नोका."

मी हो म्हटलं. कोणतं बी ते विचारलं नाही. लवकीचं, म्हणजे दुधीचं. तिच्या आईकडून करडीहून आलेलं. दरवर्षी मागच्या वाडीत कुंपणावर ती हा वेल चढवायची. एक लवकी बियासाठी वेलावरच वाळू द्यायची. माझं लाखनीत हायवेवर बी-बियाण्याचं दुकान आहे, पण तिनं माझ्या दुकानातलं एक पाकीट कधी नेलं नाही. म्हणायची, "तुमच्या पाकिटातली लवकी म्हंजे पाण्याची पिशवी."

भेटायला येणारे विचारतात, शेवटी काही बोलली का? लवकीचं बोलली, असं सांगायला बरं वाटत नाही. काही बोलली नाही, असं सांगतो.

२३ एप्रिल

राख सावडली. अस्थींचं गाडगं अंगणातल्या कडुनिंबाला बांधून ठेवलं आहे. आमच्यात राख उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. लोक येतात, सतरंजीवर बसतात, कसं झालं म्हणून विचारतात. मी सुरुवातीपासून सांगतो. आता शब्द आपोआप येतात, मला काही करावं लागत नाही.

संध्याकाळी भूपेंद्रने विचारलं, "बाबा, फुलदाणी कुठं हाय?"

मला लगेच आठवेना. तीनेक वर्षांपूर्वी तो आणि सूनबाई रुचिका कंपनीच्या कामाने नेदरलँड्सला गेले होते, तिथून आईसाठी आणलेली. चिनी मातीची, पोट गोल, मान बारीक. निळ्या रंगावर फांद्या आणि पांढरी फुलं. तिकडच्या एका चित्रकाराचं जगप्रसिद्ध चित्र आहे, त्यावरून काढलेली. ते चित्र बघायला लोक रांगा लावतात म्हणे.

भूपेंद्र तेव्हा आईला सांगत होता, "हा बदामाचा बहर हाय आई."

शकुनने फुलदाणी फिरवून फिरवून पाहिली. "बदामाले अशी फुलं येत नाहीत. शाळेपाशी हाये ना बदाम. पाहून ये."

"आई, तो बदाम वेगळा."

"तुले फसवलं त्या दुकानदारानं."

"मंग कशाची हायेत?"

"लवकीची. पोट्ट्या, इतका शिकला, लवकीचं फूल नाही ओळखत."

रुचिका पदराआड हसत होती. भूपेंद्र मात्र थोडा नाराज झाला. फार महाग घेतली होती त्याने.

काही महिने ती टीव्हीशेजारी होती. नंतर दिसेनाशी झाली. कधी झाली ते माझ्या लक्षात नाही.

"आईले आवडलीच नाही ते," भूपेंद्र म्हणाला. मी म्हटलं, तसं नाही. तो उठून बाहेर गेला. कडुनिंबाखाली बराच वेळ उभा होता.

२६ एप्रिल

रुचिका आज पुण्याहून आली. तिला ताप होता म्हणून ती मागे राहिली होती. चेहरा उतरलेला. पाया पडली, काही बोलली नाही. मला तेच बरं वाटलं.

पाहुण्यांसाठी गोधड्या कमी पडल्या म्हणून ती माळ्यावर चढली. बराच वेळ वर होती. उतरली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "धूळ फार आहे वर."

जेवायला माझ्या शेजारी बसली. हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही काळजी करू नका. मी कुणाला काही सांगणार नाही."

कशाबद्दल ते कळलं नाही. मी मान हलवली. या दिवसांत माणसं काहीबाही बोलतात, मीही बोलत असेन.

२७ एप्रिल

पवनीला जाऊन आलो. नदीला पाणी कमी. वाळू तुडवत धारेपर्यंत जावं लागलं. भूपेंद्रने गाडगं सोडलं. ब्राह्मण जे म्हणायला सांगत होता ते तो म्हणत होता, मी नुसता उभा होतो. पाय भाजत होते.

रुचिका जरा खाली, वेगळीच गेली. तिच्याजवळ कापडी पिशवी होती. तीतून तिने ती निळी फुलदाणी काढली, पाण्यात काहीतरी सोडलं, फुलदाणी धुतली आणि हात जोडून उभी राहिली. घरून फुलं आणली असतील, असं मला वाटलं.

गाडीत भूपेंद्रने विचारलं, "कुठं सापडली तुले?"

"माळ्यावर. कापडाने तोंड बांधून नीट ठेवलेली होती."

"माळ्यावरच टाकली ना शेवटी," तो म्हणाला.

रुचिकाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो. पुढे ट्रक उलटला होता, तासभर अडकलो.

४ मे

तेरवी झाली. मुलं आज गेली. पुण्याला चला म्हणत होती. दुकानाचा हंगाम आहे, नाही म्हटलं. फुलदाणी टीव्हीशेजारी ठेवून गेली आहेत. स्वच्छ, रिकामी.

घरात पंख्याचा आवाज इतका येतो हे माहीत नव्हतं.

२० मे

धानाच्या बियाण्याच्या बॅगा उतरायला लागल्या. दिवसभर लोक. कोणी तिच्याबद्दल दोन शब्द बोलून मग भाव विचारतं, कोणी आधी भाव विचारून मग दोन शब्द बोलतं. दोन्ही सारखंच.

दुपारी दुकान बंद करून लवकीचं बी शोधलं. वर ठेवले हायेत, म्हणाली होती. माळ्यावर गोधड्या, पाणी भरायचा पितळेचा गुंड, भूपेंद्रचं शाळेचं दप्तर. बी नाही. स्वयंपाकघरातले डबे उघडले. एका डब्यात लाखोळीची डाळ, एकात शिकेकाई, एकात नुसती बटणं. सगळे उघडून सगळे लावले. कुठे काय आहे ते तिला डोळे मिटून माहीत होतं. मला माझ्याच घरातलं मीठ शोधावं लागतं.

८ जून

मृग लागला. दुकानात गर्दी. जेवायला चार वाजतात, कधी तेही होत नाही.

पुन्हा सगळं पाहिलं. देव्हाऱ्यामागे, पलंगाखाली, तिच्या लुगड्यांच्या घड्यांत. बी नाही. औषधांच्या गुंगीत बोलली असेल. यंदा बी ठेवलंच नसेल. तसं असेल तर मी काय करणार?

शेवटी दुकानातलं लवकीचं एक पाकीट आणलं आणि कुंपणापाशी आळी करून लावलं. वेल तो वेल. कोणाला कळणार आहे? हात धुतले. जेवण गेलं नाही.

१५ जून

आज रुचिकाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, मग थांबली. म्हणाली, "बाबा, एक बोलायचं होतं. भूपेंद्रलाही सांगितलं नाही मी. वर माळ्यावर, त्या फुलदाणीत, तुम्ही आईंची थोडी राख ठेवली होतीत ना? तुमच्याकडे राख घरात आणत नाहीत, तरी तुम्ही आणलीत. मला राहवलं नाही. पण घरात ठेवू नये म्हणतात, म्हणून मी ती पवनीला सोडली. तुम्ही तिथे पाहत होतात, काही बोलला नाहीत. तेव्हापासून मनात आहे. विचारायला हवं होतं ना मी?"

मी विचारलं, "राखच होती?"

"राख, आणि बारीक बारीक तुकडे. मी नीट पाहिलं नाही बाबा. पाहवलं नाही."

मग समजलं. बियाला कीड लागू नये म्हणून शकुन ते राखेत घोळून ठेवायची. राखेत घोळलेलं लवकीचं बी करडं, चपटं दिसतं. ज्याने कधी पाहिलं नाही त्याला हाडाचा तुकडाच वाटेल. वर ठेवले हायेत, ती खरंच बोलली होती. माळ्यावर, फुलदाणीत.

"रागावलात का?" रुचिकाने विचारलं.

"नाही. बरं केलंस."

फोन ठेवल्यावर ती जे म्हणाली ते आठवत बसलो. तिला वाटतं, मी लोकांच्या चोरून बायकोची राख घरात ठेवली. असं करणारा माणूस मी नाही. माझ्या डोक्यातही आलं नसतं. पण सुनेला तसं वाटलं, आणि ते तिने मनाशी जपून ठेवलं. बी होतं ते, असं सांगितलं तर तिच्याजवळ काय उरेल? सासूचं शेवटचं सांगणं आपण पाण्यात सोडलं, एवढंच.

सांगायचं नाही.

२० जून

पाकिटातलं बी उगवलं. सगळं. कंपनी चांगली आहे.

वाडीत जावंसं वाटत नाही.

२२ जून

दुकान बंद ठेवून करडीला गेलो. हंगामात दुकान बंद पाहून लोक काय म्हणतील ते म्हणोत. धनीराम, शकुनचा भाऊ, धानाच्या बांधीवर, शेतात होता. रोपांसाठी पऱ्हं टाकणं चाललं होतं. चिखलाच्या पायांनीच वर आला.

"लवकीचं बी?" तो म्हणाला. "भाऊजी, माय गेली तवापासून आमच्या इथं कोणी लावलीच नाही. शकुनबाईच लवक्या पाठवे. आमी खाल्ल्या, बी कोन ठेवते?"

मी उठायला लागलो.

"तुमच्या शेजारची ते म्हैसवाली हाये ना, पार्बताबाई. तिले देत होती बाई. कुंपणावरून. तुमाले मालूम नाही काय जी?"

मला मालूम नव्हतं. पार्बताबाईची म्हैस एकदा आमची वाडी खाऊन गेली, तेव्हा मी तिला नको ते बोललो होतो. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. म्हणजे मी तसं समजत होतो.

२५ जून

तीन दिवस जाईन जाईन म्हणत होतो. आज गेलो. पार्बताबाई धार काढत होती. उठली नाही.

"या बसा. तेरवीले जेवाले बलावलं नाही, आता कायले आले?"

लवकीचं बी पाहिजे होतं, म्हटलं.

तिने धार थांबवली. "बियाचं दुकान तुमचं, अन् बी मागाले माह्या दारी. शकुन असती तं पोट धरून हासली असती." मग तिचाच आवाज बदलला. पदराने तोंड पुसलं. "हाये ना. देतो. एका साली तिचं बी बिघडे तं माह्याकडून ने, एका साली माह्यं बिघडे तं तिच्याकडून. आता कोनाचं कोनतं, ते कोन सांगन? राखबी माह्याच चुलीतली. तुमच्या घरी तं गॅस."

तिने दुधाचं भांडं बाजूला ठेवलं.

"पन तिचं कुठं गेलं? माह्या समोर भरलं तिनं. त्या निळ्या बरणीत, पोरानं आणली ते. मी म्हटलं, काहून व, इतकी महागाची चीज, समोर ठेव ना, लोक पाहतीन. तं म्हने, हिच्यावर लवकीची फुलं काढली हायेत, म्हंजे हे लवकीचंच घर. अन् पोरानं इतक्या दुरून आणली, तं हिच्यात असंतसं ठेवाचं नाही. मायचं बी ठेवतो."

"उंदरानं खाल्लं," मी म्हटलं.

"चिनी मातीतून?"

ती आत गेली आणि सूप घेऊन आली. बी तिने हातात दिलं नाही. हातात देत नाहीत म्हणे. सुपात ठेवून पुढे केलं, मी उचललं.

"पुसाच्या महिन्यात, संक्रांतीपाशी, परत आणून देजा. जितके नेले तितके नाही. थोडे जास्त."

आजच लावलं. पाकिटातली रोपं उपटून टाकावीत असं मनात आलं. पण उगवलेलं उपटवलं नाही. राहू दिली.

१९ जुलै

भूपेंद्रचा फोन. बोलता बोलता म्हणाला, "बाबा, ते फुलदाणी कोनाले तरी देऊन टाका. आईले आवडली नव्हती, समोर दिसली का कसंतरी होते."

मी म्हटलं, "आईला आवडली होती."

"तुमाले कसं मालूम?"

पार्बताबाईने सांगितलेलं सगळं तोंडापर्यंत आलं. पण ते सांगायचं तर बी कुठे गेलं तेही सांगावं लागतं. म्हटलं, आवडली होती एवढं खरं.

"असू द्या बाबा," तो म्हणाला. माझं मन राखायला तो तसं म्हणाला, हे मला कळलं. एकाला खरं सांगावं तर दुसरीला लागतं. दोघांपासून लपवून मी मधे बसलो आहे. झोप नीट लागत नाही.

११ सप्टेंबर

संध्याकाळी पार्बताबाईच्या बियाच्या वेलाला फुलं उमलली. पाकिटाच्या वेलाला आधीच लवक्या धरल्या आहेत, लांब, सरळ, एकसारख्या. शेजाऱ्यांना वाटतो.

आज एक वेडेपणा केला. टीव्हीशेजारची फुलदाणी उचलून वाडीत नेली आणि वेलाजवळ धरली. दोन्ही फुलं सारखी नाहीत. चित्रातली लहान आणि गुबगुबीत, ही पातळ, कागदासारखी. पण पाकळ्या दोन्हीकडे पाच, आणि रंग पांढरा. थोडं लांबून पाहिलं तर शकुनचं म्हणणं अगदीच खोटं वाटत नाही.

कुंपणापलीकडून पार्बताबाई म्हणाली, "काय करून राहिले जी?"

"काही नाही."

"करा करा. मी काही पाह्यलं नाही."

२ नोव्हेंबर

दिवाळी केली नाही. पणती लावली एक.

बियासाठी वेलावर ठेवलेली लवकी बुटकी, खाली गोल. रोज एकदा पाहून येतो. वानरं आली होती, हाकलली.

१५ जानेवारी

मुलं संक्रांतीला आली आहेत. सण नाही, पण आली. पार्बताबाईकडून काल थोडी राख आणली होती. आज सकाळी अंगणात ती वाळलेली लवकी फोडली. बी चांगलं भरलं आहे. भरायला स्टीलचा डबा धुऊन ठेवला होता. रुचिका उठण्याआधी काम उरकायचं असं ठरवलं होतं, पण ती लवकर उठली आणि चहा घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"काय करताय बाबा?"

"बी ठेवून राहिलो."

"आणि राख कशाला?"

"कीड लागत नाही."

मी बी राखेत घोळत होतो. तिने त्यातलं थोडं उचलून तळहातावर घेतलं. करडं, चपटं बी. ती खूप वेळ हाताकडे पाहत राहिली. चहा निवला. मी खाली पाहून काम करत राहिलो. तिला काही कळू नये एवढंच मनात होतं.

मग ती उठली. हातातलं बी सांभाळून सुपात ठेवलं आणि घरात गेली. परत आली तेव्हा तिच्याजवळ फुलदाणी होती. मी आणलेला डबा तिने बाजूला सरकवला. मी फुलदाणीचं नावही काढलं नव्हतं. रिकामी पडली होती म्हणून आणली असेल.

एकेक बी तिने स्वतः आत सोडलं. भूपेंद्र दात घासत बाहेर आला, पाहून थांबला.

"हे काय?"

"आई बी यातच ठेवायच्या," रुचिका म्हणाली. "त्यांच्या आईचं बी. दुसऱ्या कशात नाही."

तो फुलदाणी पाहत राहिला. मग ओट्यावर बसला. तोंडात ब्रश तसाच. थोड्या वेळाने म्हणाला, "बदामाले अशी फुलं येत नाहीत," आणि हसायला लागला. हसता हसता त्याने तोंड फिरवलं.

हे रुचिकाला कोणी सांगितलं ते माहीत नाही. पार्बताबाई बोलली असेल कधीतरी.

पार्बताबाईचा वाटा सुपात वेगळा काढला. थोडं जास्त. रुचिकाच देऊन आली. दोघी कुंपणाशी बराच वेळ उभ्या होत्या, मला ऐकू आलं नाही.

आल्यावर तिने आपल्या ओढणीची एक पट्टी फाडून फुलदाणीचं तोंड बांधलं. "कुठे ठेवू बाबा?" म्हणाली. मी वर बोट दाखवलं. ती चढली. बराच वेळ वरच होती. खालून मी शिडी धरून उभा होतो.

उतरली तेव्हा डोळे लाल होते.

"धूळ फार आहे वर," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. माळा मी कालच झाडला होता.